हातातली भाकर: प्राचीन इजिप्शियन भाषेतले ‘रदि’ हे क्रियापद कसे शिकावे

इजिप्तची चित्रलिपी शिकायला घेतलेली बरीच माणसे एकाच ठिकाणी थांबतात. चिन्हे पाठ होतात, राजांची नावे वाचता येतात, सर्वनामे समजतात. मग क्रियापदांचे प्रकरण उघडते आणि एकाच धातूची दहा-पंधरा रूपे समोर येतात. त्यांतली निम्मी दिसायला सारखीच असतात. तिथून पुढे वही मिटलेलीच राहते.

जवळपास सगळी पाठ्यपुस्तके ‘सजम’ म्हणजे ‘ऐकणे’ हा धातू नमुना म्हणून घेतात, कारण तो नियमित आहे. तो जरूर शिका. पण खऱ्या शिलालेखासमोर उभे राहाल तेव्हा ‘सजम’ क्वचितच भेटेल. भेटेल तो ‘रदि’. देणे, ठेवणे, करू देणे हे तिन्ही अर्थ या एका धातूचे. तो मंदिराच्या खांबावर आहे, मृतांच्या स्मृतिशिलेवर आहे, गोष्टींत आहे, सरहद्दीवरच्या राजाज्ञेतही आहे. म्हणून माझे ठाम मत असे की ‘सजम’नंतर लगेच ‘रदि’ घ्यावा, अनियमित असला तरी. तो हाताशी आला की बाकीची क्रियापदे निम्मी सोपी होतात.

हा लेख मध्य इजिप्शियन भाषेपुरता आहे, म्हणजे साधारण इ.स.पू. २००० नंतरच्या अभिजात भाषेपुरता. चिन्हांची तोंडओळख आणि सर्वनामांचे प्रत्यय तुम्हाला येत असतील असे धरले आहे.

काय काय लागेल

इजिप्तविद्येचे अभ्यासक गार्डिनर यांच्या व्याकरणाच्या शेवटी असलेली चिन्हसूची हवीच. ते व्याकरण १९२७ सालचे आहे, पण चिन्हांना त्यांनी दिलेले क्रमांक आजही सगळे वापरतात. ‘डी’ गट म्हणजे माणसाच्या शरीराचे अवयव, ‘एक्स’ गट म्हणजे भाकरी-पाव. आपल्याला या दोन गटांशीच मुख्य काम आहे.

शब्दकोशासाठी फॉकनर यांचा १९६२ सालचा छोटा कोश सोयीचा. इंटरनेटवर ‘थेसॉरस लिंग्वे एजिप्टिए’ हा बर्लिनहून चालणारा कोश फुकट उपलब्ध आहे आणि त्यात प्रत्येक शब्द कोणत्या मजकुरात कुठे आला तेही दिसते. संगणकावर चिन्हे लिहायची असतील तर ‘जेसेश’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. सुरुवातीला मात्र हातानेच काढा. हाताने काढलेले चिन्ह डोळा विसरत नाही.

याशिवाय एक वही घ्या आणि तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखा: रूप, त्यानंतर काय आले, आणि अर्थ. मधला रकाना कशासाठी ते तिसऱ्या पायरीत कळेल.

पायरी १: देवनागरीत कसे लिहायचे ते आधी ठरवा

इजिप्शियन लिपी फक्त व्यंजने लिहिते, स्वर लिहीत नाही. म्हणून या लेखात ‘रदि-न-फ’ असे दिसेल तेव्हा त्यातला ‘अ’ खरा समजू नका. बोलताना सोयीसाठी मध्ये ‘ए’ घालतात आणि ‘रेदी-एन-एफ’ म्हणतात. मूळ उच्चार तसा नव्हता, पण वर्गात एकमेकांना समजायला तो पुरतो. जोडरेघेने मी प्रत्यय वेगळे दाखवले आहेत. तुम्हीही तसेच करा, कारण या भाषेत सगळा अर्थ प्रत्ययांच्या सांध्यांत असतो.

‘ज’ आला की तो ‘जीव’मधला म्हणायचा, ‘जखम’मधला नाही. ‘च’चेही तसेच, ‘चिमणी’तला. तीन वेगवेगळे ‘न’ येतात, एक प्रत्ययाचा, एक ‘-ला’ या अर्थाचा आणि एक नकाराचा. नकाराचा मी मुद्दाम ‘ना’ असा लिहिणार आहे, म्हणजे नजर घसरणार नाही.

प्रत्यय एवढे लक्षात ठेवा: ‘-इ’ मी, ‘-क’ तू, ‘-फ’ तो, ‘-स’ ती, ‘-सन’ ते.

पायरी २: दगडावर तो ओळखायला शिका

‘रदि’ लिहायला तीन चिन्हे पुरतात. वर तोंडाचे चिन्ह (डी २१), ते ‘र’. खाली आडवा हात, तळव्यावर उंच टोकदार भाकर (डी ३७). कधी हात गाळून नुसती भाकर येते (एक्स ८), ती उभ्या निमुळत्या त्रिकोणासारखी दिसते. तोंड असले तर ‘रदि’, तोंड नसले तर ‘दि’. आणि हात दोनदा किंवा त्रिकोण दोनदा आला तर ‘दद’.

या तीन मुळांवरच पुढचे सगळे उभे आहे: रदि, दि, दद. हे तीन वेगळे धातू नाहीत, एकाच धातूची तीन अंगे आहेत.

इथले चकवे नीट पाहा.

पहिला चकवा रिकाम्या हाताचा. लेखनिक पुष्कळदा भाकर काढायचा कंटाळा करतो आणि नुसता हात (डी ३६) काढतो. सूचीत त्या हाताचा उच्चार ‘अ’ असा दिलेला असतो, त्यामुळे नवा वाचक ‘रअ’ वाचून कोशात भलतेच शोधत बसतो. तोंडाखाली हात दिसला की आधी ‘रदि’ लावून बघा.

दुसरा, दोन भाकरींचा. ‘त’ या अक्षराचे चिन्ह (एक्स १) हीसुद्धा भाकरच आहे, पण बुटकी, अर्धगोल. ‘दि’ची उंच आणि टोकदार. झिजलेल्या दगडावर दोन्ही सारख्या वाटतात. उंची आणि टोक पाहा.

तिसरा, तोंडाचा. तोंडाचे चिन्ह एकटे असले तर ते ‘कडे, साठी’ अशा अर्थाचे अव्ययही असते. त्यामुळे तोंड, हात आणि बुटकी भाकर असे एकापुढे एक आले तर ते ‘रदित’ म्हणजे ‘देणे’ असू शकते किंवा ‘र दित’ म्हणजे ‘देण्यासाठी’ असू शकते. अलीकडचे-पलीकडचे वाक्य वाचल्याशिवाय निकाल लावू नका.

कोशात शोधताना आणखी एक अडचण येते. जुन्या इजिप्शियनमध्ये हा धातू ‘रजि’ होता, पुढे ‘ज’चा ‘द’ झाला. बर्लिनच्या कोशात तो जुन्या रूपानेच नोंदला आहे, फॉकनरमध्ये ‘रदि’ म्हणून. दोन्हीकडे ‘र’खालीच शोधा, ‘द’खाली नाही.

पायरी ३: अर्थ ठरवायचा तर पुढे काय आले ते पाहा

हा या लेखाचा गाभा आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. कोशात ‘रदि’समोर अर्थांची लांबलचक रांग दिसते. ती पाठ करून काही उपयोग नाही. क्रियापदाचे रूप तुम्हाला काळ सांगते, अर्थ सांगत नाही. अर्थ सांगतो तो त्यानंतरचा शब्द. वहीतला मधला रकाना त्यासाठीच आहे.

पुढे वस्तू आली आणि ‘न’ म्हणजे ‘-ला’ या अव्ययाने माणूस आला, तर अर्थ ‘देणे’. थडग्यांतल्या आत्मकथनांत हे वाक्य पुन्हा पुन्हा येते: ‘इव रदि-न-इ त न हकर, हबसव न हायव’. भुकेल्याला मी भाकर दिली, उघड्यानागड्यांना वस्त्रे दिली. ‘त’ म्हणजे भाकर, ‘न हकर’ म्हणजे भुकेल्याला.

पुढे वस्तू किंवा माणूस आला आणि मग जागा सांगणारे अव्यय आले, तर अर्थ ‘ठेवणे, नेऊन घालणे’. देश सोडून पळालेल्या सिनुहे या इजिप्शियन दरबाऱ्याच्या कथेत परदेशी सरदार त्याला आश्रय देतो, तेव्हा सिनुहे म्हणतो: ‘रदि-न-फ वि म-हात खरदव-फ’. त्याने मला आपल्या मुलांच्या अग्रस्थानी ठेवले. ‘वि’ म्हणजे मला, ‘म-हात’ म्हणजे पुढे, अग्रभागी. इथे ‘दिले’ करून बघा, वाक्य मोडते.

आणि पुढे दुसरे क्रियापद आले, त्याचा स्वतःचा कर्ता असला, तर अर्थ ‘करू देणे’ किंवा ‘करायला लावणे’. त्याच कथेत, त्याच सरदाराविषयी, लगेच पुढे: ‘रदि-न-फ सतप-इ न-इ म खासत-फ’. त्याने मला त्याच्या प्रदेशातून स्वतःसाठी निवडू दिले. ‘सतप-इ’ म्हणजे ‘मी निवडावे’. शब्दशः ‘त्याने दिले, मी निवडावे’.

मराठी बोलणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे. ‘जाऊ दे’, ‘बसू दिले’, ‘बोलू देत नाही’ ही रचना आपल्या तोंडात बसलेली आहे. ‘देणे’ या क्रियापदाने परवानगी कशी व्यक्त होते हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

पण त्याच फायद्यात एक खड्डाही आहे. मराठीत ‘जाऊ दिले’ आणि ‘जायला लावले’ यांत स्पष्ट फरक आहे. इजिप्शियनमध्ये दोन्हींसाठी ‘रदि’च. कोणता अर्थ घ्यायचा ते प्रसंगावरून ठरवावे लागते. सवयीने प्रत्येक ठिकाणी ‘-ऊ दिले’ लावत गेलात तर भाषांतर पातळ होते. सातव्या पायरीत याचे चांगले उदाहरण येईल.

नकारात तर आपली रचना चपखल बसते. तिसरा सेनुसरेत या राजाने आपल्या कारकिर्दीच्या ८व्या वर्षी इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियातल्या सेम्ना इथे सरहद्दीची शिला उभारली. तिच्यावर हद्द कशासाठी ते लिहिले आहे: ‘र तम रदित सन सव नहसि नब’. कोणाही नुबियनाला ती ओलांडू न देण्यासाठी. ‘तम’ हे धातुसाधिताला नकार लावणारे क्रियापद, ‘रदित’ म्हणजे देणे, ‘सन’ म्हणजे ओलांडणे. ‘ओलांडू न देणे’ हे मराठीत जसे सुचते तसेच तिथे कोरले आहे.

काही ठरावीक वाक्प्रचार वेगळे लिहून ठेवा. ‘रदि सा’, शब्दशः पाठ देणे, म्हणजे पाठ फिरवणे. ‘रदि म हर’, शब्दशः तोंडासमोर ठेवणे, म्हणजे हुकूम करणे, कामगिरी सोपवणे. सिनुहे पळून जाताना म्हणतो की मी माझ्या पायांना उत्तरेची वाट दिली. ‘मी उत्तरेकडे निघालो’ एवढाच त्याचा अर्थ, पण मला ते वाक्य या भाषेतल्या सर्वांत सुंदर वाक्यांपैकी एक वाटते.

पायरी ४: रूपे, कामाच्या क्रमाने

व्याकरणात ती कोष्टकात असतात. मी ती वाचनात किती लवकर भेटतात त्या क्रमाने देतो.

रदि-न-फ: ‘त्याने दिले’. भूतकाळ. ‘न’ हा प्रत्यय काळाचा. ‘दि-न-फ’ असेही लिहिलेले सापडते, पण अर्थ तोच. कर्ता नाम असेल तर ‘फ’च्या जागी ते नाम येते.

दि-फ: ‘त्याने द्यावे’. हा आपला विध्यर्थ. इच्छा, हेतू, आश्वासन हे सगळे याच रूपात. यात ‘र’ नसतो, ही पक्की खूण. ‘मी देईन’ असे भविष्यही बऱ्याचदा याच रूपाने सांगितलेले असते.

रदित: ‘देणे’. धातुसाधित नाम. शेवटचा ‘त’ विसरू नका. ‘हर रदित’ म्हणजे ‘देत असताना’, ‘र रदित’ म्हणजे ‘देण्यासाठी’.

इमि: ‘दे!’, ‘ठेव!’, ‘होऊ दे!’. आज्ञार्थ. हे रूप मूळ धातूशी अजिबात जुळत नाही, वेगळ्याच मुळाचे आहे, म्हणून सरळ पाठ करा. आणि इथला चकवा मोठा आहे. ‘न करणे’ अशा अर्थाचे एक नकारात्मक क्रियापद आहे, त्याचे रूपही ‘इम’ असेच दिसते. म्हणजे एकाचा अर्थ ‘दे’ आणि दुसऱ्याचा ‘नको’. ओळखायची खूण ही की आज्ञार्थाला कर्त्याचा प्रत्यय लागत नाही. ‘इम-क’, ‘इम-फ’ असे प्रत्ययासह दिसले तर तो नकार. प्रत्यय नसून पुढे थेट वस्तू किंवा दुसरे पूर्ण क्रियापद आले तर ‘दे’.

रदि-क्वि: ‘मी दिला गेलो, मला ठेवले गेले’. स्थितिदर्शक रूप. ‘क्वि’ हा प्रथमपुरुषाचा खास प्रत्यय दिसला की समजावे की बोलणाऱ्याने काही केलेले नाही, त्याच्या बाबतीत काहीतरी घडले आहे.

दद-फ: हे द्वित्वाचे रूप. यात वाक्याचा जोर क्रियापदावर नसतो, वाक्याच्या शेवटच्या भागावर असतो. सरावासाठी मी रचलेले वाक्य घ्या: ‘दद-फ मू न सा-फ’. याचा अर्थ ‘तो मुलाला पाणी देतो’ इतका सपाट नाही. ‘तो पाणी देतो ते आपल्या मुलाला’ असा आहे. ‘देतो ते’ हे शब्द जोर बरोबर पकडतात.

दद, ददत: ‘देणारा’, ‘(जे) देते ते’. नेहमी चालणारी, पुन्हा पुन्हा होणारी क्रिया. स्त्रीलिंगी ‘त’ लागला तर बहुतेक वेळा ‘जे काही’ असा अर्थ. याउलट एकदा झालेल्या, पूर्ण झालेल्या क्रियेसाठी द्वित्व नसते, नुसते ‘रदि’ किंवा ‘दि’ येते.

रदि-इन-फ: ‘मग त्याने दिले’. गोष्ट पुढे सरकवणारे रूप. ‘इन’ दिसला की ‘मग’ म्हणा आणि पुढे चला.

सुरुवातीला एवढी पुरतात. कर्मणीचा ‘तव’ प्रत्यय कर्त्याच्या जागी बसतो, ‘दि-तव’ म्हणजे ‘दिले जावे’.

पायरी ५: ‘न’चा गुंता सोडवा

माझ्या मते अर्ध्याहून अधिक चुका इथे होतात. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. काळाचा प्रत्यय ‘न’ आणि ‘-ला’ या अर्थाचे अव्यय ‘न’ हे दोन्ही पाण्याच्या लाटेच्या एकाच चिन्हाने लिहितात. नकाराचा ‘ना’ मात्र पसरलेल्या दोन हातांचा, तो लगेच ओळखू येतो.

‘रदि-न-फ न-इ मू’: त्याने मला पाणी दिले. वाळवंटात तहानेने मरणाच्या दारात पोचलेला सिनुहे हे म्हणतो. पहिला ‘न’ क्रियापदाला चिकटलेला, तो काळाचा. दुसरा ‘न’ सर्वनामाला चिकटलेला, तो ‘-ला’चा. क्रमही पाहा: ‘मला’ हे ‘पाणी’च्या आधी आले. सर्वनामे हलकी असतात, ती नामांना ओलांडून पुढे सरकतात. ‘रदि-न वि खासत न खासत’ या वाक्यात तर ‘मला’ हे कर्त्याच्याही आधी आले आहे: एका देशाने मला दुसऱ्या देशाच्या हवाली केले. कर्ता पहिला ‘खासत’.

आता नकार. इथे सरळ तर्क चालत नाही.

ना रदि-फ: त्याने दिले नाही.
ना रदि-न-फ: तो देत नाही, त्याच्याने देववत नाही.
नन दि-फ: तो देणार नाही.

भूतकाळाचा ‘न’ असलेले रूप नकारात वर्तमानाचा अर्थ देते आणि ‘न’ नसलेले रूप भूतकाळाचा. हा नियम बॅटिसकोम गन या अभ्यासकाने १९२४ मध्ये मांडला आणि त्याच्याच नावाने ओळखला जातो. कारणमीमांसेत शिरण्याआधी ही तीन वाक्ये दहा वेळा लिहून काढा.

एक बारीक सूचना. ‘मी’चा प्रत्यय ‘-इ’ शिलालेखांत अनेकदा लिहितच नाहीत. ‘रदि-न त न हकर’ असे दिसले आणि कर्ता सापडेना, तर तो न लिहिलेला ‘मी’ आहे का ते पाहा.

पायरी ६: पहिला सराव स्मृतिशिलेवर

ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळांवर मध्य साम्राज्यातल्या, म्हणजे साधारण इ.स.पू. २००० नंतरच्या काही शतकांतल्या, स्मृतिशिलांची चांगली छायाचित्रे आहेत. एखादी निवडा. वरच्या ओळीत हमखास ‘हतप-दि-नसव’ असेल. नैवेद्याच्या मंत्राची ही सुरुवात: राजा देतो तो नैवेद्य. काही अभ्यासक ‘राजाने नैवेद्य द्यावा’ असे लावतात. मला पहिले अधिक पटते.

वाचताना गोंधळ होतो तो क्रमाचा. ‘नसव’ म्हणजे राजा, तो उच्चारात शेवटी पण लिहिण्यात पहिला, मानापोटी. त्यानंतर ‘हतप’ची चटई-भाकर आणि ‘दि’चा त्रिकोण. या दोघांच्या क्रमावरून काळाचा अंदाजही येतो. मध्य साम्राज्यात साधारणपणे हतप आधी आणि त्रिकोण नंतर असतो. त्यानंतरच्या दुसऱ्या मध्यंतर काळापासून त्रिकोण आधी येऊ लागतो. पॉल स्मिथर यांनी १९३९ मध्ये हा फरक दाखवून दिला. छायाचित्राखालची तारीख न वाचता आधी स्वतः ओळखून बघा, मजा येते.

पुढे देवाचे नाव येईल, बहुधा मृतांचा देव ओसायरिस याचे, आणि मग ‘दि-फ परत-खरव त हनकत काव आपदव’. त्याने द्यावा नैवेद्य: भाकर, बिअर, बैल, पाखरे. हा पायरी ४ मधला विध्यर्थ. देव एकाहून जास्त असले तर ‘दि-सन’.

आणि बऱ्याच शिलांवर त्यापुढे: ‘ददत पत, कमात ता, इननत हअपि’. आकाश जे देते, पृथ्वी जे निर्माण करते, नीलचा पूर जे आणतो. इथे ‘ददत’, द्वित्वासह, कारण आकाशाचे देणे एकदाच होऊन संपत नाही.

एकाच शिलेवर दि, दि-फ आणि ददत तिन्ही सापडली. वहीत तीन ओळी भरा. शिवाय मंदिरांच्या छायाचित्रांत राजाच्या नावानंतर त्रिकोण आणि ‘अनख’ची किल्लीसारखी खूण दिसेल, ‘दि अनख’: ज्याला जीवन दिलेले आहे असा. पूर्ण झालेली क्रिया, म्हणून द्वित्व नाही.

पायरी ७: दुसरा सराव, बुडालेल्या खलाशाची गोष्ट

मध्य साम्राज्यातली ही कथा एकाच पपायरसावर टिकून राहिली आहे. ‘सेंट पीटर्सबर्ग १११५’ हा त्याचा क्रमांक. मूळ लिखाण घसरत्या हस्तलिपीत आहे. तुम्ही छापील चित्रलिपीतली प्रत घ्या. भाषा सोपी, वाक्ये छोटी, आणि ‘रदि’ पानोपानी.

१२० खलाशांचे जहाज वादळात फुटते. एकटा वाचतो. तो म्हणतो: ‘अहअ-न-इ रदि-क्वि र इव इन वाव न वाज-वर’. मग समुद्राच्या एका लाटेने मला बेटावर नेऊन टाकले. ‘क्वि’ आला, म्हणजे त्याने काही केले नाही. ‘र इव’ म्हणजे बेटाकडे, जागा आली, म्हणजे अर्थ ‘ठेवणे’. ‘इन’ने कर्ता सांगितला, लाटेने. दोन्ही कसोट्या एका वाक्यात लागल्या.

बेटावर इतकी फळफळावळ की तो काही जमिनीवर ठेवतो, कारण हातांत मावत नाही: ‘रदि-न-इ र ता’. कर्म लिहिलेलेच नाही, पण ‘र ता’ म्हणजे जमिनीकडे हे आले की अर्थ ठरला.

मग ३० हात लांबीचा साप येतो. खलाशाची हकिकत ऐकून साप म्हणतो: ‘मक नचर रदि-न-फ अनख-क’. पाहा, देवाने... इथे थांबा. पुढे क्रियापद आहे, ‘अनख-क’, तू जगावेस. म्हणजे तिसरा अर्थ. मराठीत ‘देवाने तुला जगू दिले’ करायचे की ‘देवाने तुला जगवले’? बाकीचे सगळे बुडाले, हा एकटा राहिला, आणि साप पुढे म्हणतो की देवानेच तुला या बेटावर आणले. देव नुसता आडवा आला नाही असे सापाला म्हणायचे नाही, देवाने स्वतः केले असे म्हणायचे आहे. म्हणून ‘जगवले’च. तिसऱ्या पायरीत म्हटलेला खड्डा तो हाच.

आता यापुढचा संवाद सावकाश वाचा, कारण तो सगळा याच धातूवर चालतो. खलाशी कृतज्ञतेने आश्वासने देतो: ‘दि-इ इन-तव न-क’ आणि पुढे सुगंधी द्रव्यांची यादी. ‘मी तुझ्याकडे ही आणवीन.’ दि-इ हा विध्यर्थ, आश्वासनाचा. पुढे क्रियापद कर्मणीत, ‘आणले जावे’. साप हसतो. पुंत देशाचा धनी मी, गंधरस माझाच आहे, असे सांगतो. जहाज आल्यावर तो एकच गोष्ट मागतो: ‘इमि रन-इ नफर म निवत-क’. माझे चांगले नाव तुझ्या गावात ठेव. आज्ञार्थ, पुढे वस्तू आणि मग जागा, म्हणून ‘ठेव’. खलाशी ‘रदि-न-इ वि हर खत-इ’ म्हणतो, मी स्वतःला पोटावर ठेवले, म्हणजे साष्टांग पडलो. आणि मग सापच ‘रदि-न-फ न-इ’, त्याने मला दिले, गंधरस आणि इतर मौल्यवान वस्तूंनी भरलेले ओझे. द्यायचे म्हणणारा घेऊन जातो. विध्यर्थ खलाशाच्या तोंडी आहे आणि पूर्ण झालेला भूतकाळ सापाच्या वाट्याला, हे रूपे ओळखता आली तरच दिसते. भाषांतरात ते पुसट होते.

पायरी ८: पुढच्या काळात त्याचे काय झाले

हे थोडक्यात. उत्तर काळात ‘र’ झिजून गेला आणि ‘दि’ उरला. ग्रीक अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्शियनच्या शेवटच्या अवस्थेत, ‘देणे’ला ‘ती’ म्हणतात आणि आज्ञार्थ ‘मा’ आहे, तो जुना ‘इमि’. कॉप्टिकमध्ये स्वर लिहितात, त्यामुळे एवढी शतके न दिसलेला स्वर इथे दिसतो. ‘दि’ आणि ‘अनख’ यांच्या जोडीतून कॉप्टिकमध्ये ‘तान्हो’ हे एकच क्रियापद झाले, अर्थ ‘जिवंत करणे’. सापाने वापरलेली तीच जोडी.

विशेषनामांतही तो टिकला. ‘पा-दि-’ म्हणजे ‘ज्याला अमक्या देवाने दिले तो’, आपल्या देवदत्तासारखे. पेटोसिरिस म्हणजे ओसायरिसने दिलेला. या नावाच्या एका पुरोहिताची इजिप्तमधल्या तुना अल-गबल इथली समाधी प्रसिद्ध आहे. बायबलमधल्या योसेफाच्या सासऱ्याचे नाव पोटीफरा, म्हणजे सूर्यदेव ‘रा’ने दिलेला. संग्रहालयात ग्रीक-रोमन काळातल्या शवपेट्यांवरची नावे पाहाल तेव्हा सुरुवातीचा त्रिकोण शोधा.

यानंतर ‘इरि’, करणे, हा धातू घ्या. त्याचेही द्वित्व होते, ‘इरर’, आणि ‘दद’ जिथे येतो बहुतेक तिथेच ते येते. मग ‘येणे’ घ्या. त्याला दोन मुळे आहेत, ‘इइ’ आणि ‘इव’. वहीतले तीन रकाने तसेच ठेवा.